देवळात, आळंदीत की नोंदणी कार्यालयात?

तळेगाव दाभाड्याहून चाकण, चाकणहून आळंदी. कंटेनरची रांग लागलेली नसेल तर हा रस्ता फार लांबचा नाही. (रांग नसणे हे तळेगाव-चाकण रस्त्यावर क्वचितच घडते, ते सोडा.) वारकऱ्यांना आळंदी माउलींच्या समाधीसाठी ठाऊक आहे. कारखान्यांत काम करणाऱ्या तरुण मुलामुलींना ती आणखी एका कारणासाठी ठाऊक असते. तिथे लग्न पटकन लागते. मंगल कार्यालय, गुरुजी, हार, अंतरपाट, फोटोवाला, कमी पडला तर साक्षीदारसुद्धा एका दिवसात जमतो. घरून विरोध आहे असे कळले की मित्रमंडळी सल्ला देतात, "आळंदीला जाऊन उरकून टाका." दोघे हिंदू असतील, वय आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर अशा लग्नाला कायद्याचा आधार असतो. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हिंदू विवाह कायदा लागू आहे. पण दोघांतले एक जण ख्रिस्ती असेल आणि ख्रिस्तीच राहणार असेल, तर अंतरपाट कितीही मुहूर्तावर दूर झाला तरी ते लग्न कायद्याच्या लेखी झालेलेच नसते.

आंध्र प्रदेशातल्या एका जोडप्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. १९९६ साली त्यांनी हिंदू देवळात लग्न केले आणि हिंदू विवाह कायद्याखाली त्याची नोंदही करून घेतली. नवरा रोमन कॅथलिक होता. पुढे बायको कोर्टात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. डिसेंबर २००८ मध्ये निकाल लागला: हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंच्या लग्नासाठी आहे, एक पक्ष ख्रिस्ती असताना त्या कायद्याखाली लावलेले लग्न मुळातच रद्दबातल. नोंदणीचा कागद हाती होता, तरी त्याचा उपयोग झाला नाही.

तळेगावात हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. सरसेनापती दाभाड्यांचे गाव, पैसा फंडाच्या काच कारखान्याचे गाव, ही झाली जुनी ओळख. आता गावाबाहेर एमआयडीसी आहे. तिथे जेसीबी आहे, लार्सन अँड टुब्रो आहे. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस बंद पडला आणि आता ह्युंदाईकडे गेला. वसईची कॅथलिक मुलगी, नगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट घरातला मुलगा, केरळातून आलेली सिरीयन ख्रिस्ती नर्स, परभणीचा फिटर, लातूरची इंजिनिअर, सगळे एकाच कंपनीच्या बसमध्ये किंवा लोणावळा लोकलमध्ये भेटतात. माउंट सेंट अ‍ॅनसारख्या सिस्टरांच्या शाळेत तर गावातली सगळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसून वाढलेली असतात. त्यांनी एकमेकांच्या प्रेमात पडू नये अशी अपेक्षा करणारे लोक असतात. त्यांचे फारसे चालत नाही.

मग ख्रिस्ती घरातला मुलगा किंवा मुलगी घरी तोंड उघडते. बहुतेक घरांत पहिला हल्ला एका वचनाने होतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, श्रद्धा न ठेवणाऱ्यांबरोबर एका जुवाखाली जाऊ नका, अशा अर्थाचा उपदेश आहे. त्यामागे मोशेच्या नियमशास्त्रातला, बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये हा नियम आहे. पाळकसाहेब हे वचन सांगतात, मामा सांगतो, आजी सांगते. गंमत म्हणजे त्या अध्यायात लग्नाचा उल्लेखही नाही. पौल तिथे मूर्तिपूजेशी आणि अधर्माशी भागीदारी करण्याबद्दल एकंदरीत बोलतो आहे. तो उपदेश लग्नाला लावणे चूक म्हणता येणार नाही, कारण लग्नाइतकी जवळची भागीदारी दुसरी कुठली? पण वेगळ्या श्रद्धेच्या जोडीदाराबद्दल पौलाने स्वतः स्पष्ट लिहिले आहे ते दुसरीकडे, पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात. आणि ते घरात फारसे कोणी वाचून दाखवत नाही.

ते पत्र कोणाला लिहिले हे ध्यानात घेतले पाहिजे. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले शहर. रोमनांनी उद्ध्वस्त केलेले आणि इसवी सनापूर्वी ४४ च्या सुमारास ज्यूलियस सीझरने पुन्हा वसवलेले. लोक चहूकडून पोट भरायला आलेले. त्या अर्थाने तळेगाव-चाकणच्या माणसाला ते शहर परके वाटणार नाही. इसवी सन ५० नंतरच्या काही वर्षांत तिथे लहानशी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली होती आणि घराघरांत पेच पडला होता. बायको ख्रिस्ती झाली, नवरा झाला नाही, किंवा उलट. अशा बाईने काय करायचे? घर सोडायचे? त्या नवऱ्याशी संसार केल्याने ती अपवित्र होते का? मुलांचे काय?

पौलाचे उत्तर आजही धाडसी वाटते. जोडीदार नांदायला राजी असेल तर सोडू नका. श्रद्धा नसलेला जोडीदार श्रद्धावंताला बाटवत नाही, उलट श्रद्धावंतामुळे तो पवित्र ठरतो आणि मुलेही पवित्र असतात. पण तोच निघून जायला निघाला, तर जाऊ द्या. त्या बाबतीत ख्रिस्ती माणूस बांधलेला नाही. आणि सरतेशेवटी तो विचारतो की तुझ्यामुळे तुझ्या जोडीदाराचे तारण होईल की नाही, हे तुला कसे कळणार? हा प्रश्न काही जण आशेने वाचतात, काही सावधपणे. मला त्यात जोडीदाराच्या मागे लागू नये असाही सल्ला दिसतो.

म्हणजे ख्रिस्ती मार्गदर्शनाचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगळ्या वेळी लागू होतात. लग्नाआधी विचार करा, शक्य तर आपल्या श्रद्धेतच करा. लग्न झाल्यावर निभवा. दोन्ही वेळी सगळी जबाबदारी टाकली आहे ती ख्रिस्ती जोडीदारावर. दुसऱ्याने काय करावे, काय मानावे, याबद्दल पौल एक अटही घालत नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या घरगुती वादांत हमखास उलटी होते. "ती आमच्यात यायला तयार आहे का?" हा पहिला प्रश्न असतो. आपला मुलगा त्या घरात ख्रिस्ती म्हणून कसा राहणार आहे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

बायबल या विषयावर एका सुरात बोलते असेही नाही. एज्राच्या पुस्तकात बंदिवासातून परतलेल्या यहुदी पुरुषांनी परक्या बायका सोडून द्याव्यात, असा कठोर निर्णय होतो. आणि रूथच्या पुस्तकात मवाबी विधवा सासूची साथ सोडत नाही, बवाजशी लग्न करते आणि दावीद राजाची पणजी होते. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव आहे. पौलाचा लाडका सहकारी तीमथ्य स्वतः मिश्र घरातला होता, आई यहुदी आणि वडील ग्रीक. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विरा इथे जमलेल्या बिशपांनी ख्रिस्ती मुली मूर्तिपूजकांना देऊ नयेत असा नियम केला, तो अर्थातच लोक तसे देत होते म्हणून. त्याच शतकात उत्तर आफ्रिकेत मोनिका नावाची एक ख्रिस्ती बाई तापट, बाप्तिस्मा न घेतलेल्या पॅट्रिशियसबरोबर संसार करत होती. त्यांचा मुलगा म्हणजे संत ऑगस्टिन. नवऱ्याने मरणाच्या थोडे दिवस आधी बाप्तिस्मा घेतला. मुलाने तर आईला त्याहून जास्त वाट पाहायला लावली.

पण पौलाचा सातवा अध्याय प्रत्यक्षात कसा जगला जातो हे पाहायला मराठी वाचकाला आफ्रिकेत जायची गरज नाही. तो अहमदनगरला सापडतो.

नारायण वामन टिळक हे कोकणातल्या करजगावचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिककडच्या जलालपूरच्या, माहेरच्या मनकर्णिका गोखले. त्यांच्या वडिलांचे सोवळे असे जहाल की त्या घरात बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. लहान वयात लग्न झाले. टिळक कवी, पंडित, शीघ्रकोपी आणि कुठेही न टिकणारे. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, तिथून त्यांचे वाचन आणि घालमेल सुरू झाली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला नाही.

इथून पुढची पाचेक वर्षे म्हणजे सातव्या अध्यायाचीच गोष्ट आहे. त्या काळात ब्राह्मण घरातला पुरुष ख्रिस्ती झाला की नातेवाइकांच्या लेखी तो मेल्यातच जमा. बायकोची स्थिती विधवेहून वाईट, कारण नवरा जिवंत. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. टिळक पत्रे लिहीत राहिले. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण स्वतःचा धर्म न सोडता. सोवळे-ओवळे चालू, स्वयंपाक वेगळा. एका घरात एक माणूस ख्रिस्ताची भजने रचतो आहे आणि दुसरे माणूस त्याच्या हातचे पाणी पीत नाही. मिशनच्या वातावरणात हे किती अवघड असेल याची कल्पना करावी. आणि टिळकांचा स्वभाव बघता, त्यांनी हे सोसले याचेच जास्त नवल वाटते.

पुढे राहुरीत लक्ष्मीबाईंच्या मनाने वेगळे वळण घेतले. जाती माणसांनी केल्या, देवाने नाहीत, हे त्यांना आतून पटले आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. मला ही पायरी फार महत्त्वाची वाटते. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. नवऱ्याच्या आग्रहाने त्या ख्रिस्ती झाल्या असे त्यांचे 'स्मृतिचित्रे' वाचणारा कोणीही म्हणणार नाही. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मचरित्रात नवऱ्यावर इतके प्रेम आणि त्याची इतकी थट्टा एकत्र आहे, की ही बाई कुणाच्या दडपणाखाली काही करील हे पटणे अवघड.

टिळकांना दुसरा मार्ग मोकळा होता, हे बहुधा लोकांना माहीत नसते. १८६६ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता, धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा. एतद्देशीय माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने जोडीदाराने त्याला सहा महिने सोडले किंवा नाकारले, तर तो कोर्टात अर्ज करू शके. न्यायाधीश त्या जोडीदाराला समक्ष विचारी, नांदायला तयार आहात का? नकार आला तरी लगेच निकाल नाही. प्रकरण वर्षभर पुढे ढकलायचे, त्या काळात मन वळले तर बरेच, नाही तर वर्षाने पुन्हा तोच प्रश्न, आणि तेव्हाही नकारच असेल तर विवाहविच्छेद. कायद्याच्या भाषेत बसवलेला हा पौलाचाच विचार होता: निघून जाणाऱ्याला जाऊ द्या, पण आधी विचारा. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली.

कॅथलिक चर्चच्या कायद्यात ही तरतूद पौलाच्याच नावाने आजही आहे. दोघेही बाप्तिस्मा न घेतलेले असताना लग्न झाले, नंतर एकाने बाप्तिस्मा घेतला आणि दुसरा त्यामुळे नांदायला तयार नाही, अशा वेळी त्याला रीतसर विचारणा करून ख्रिस्ती झालेल्याला नवे लग्न करता येते. मात्र याचा फायदा आधीपासूनच ख्रिस्ती असलेल्या आणि जाणूनबुजून वेगळ्या धर्मात लग्न करणाऱ्याला मिळत नाही. काही जणांचा तसा समज असतो, म्हणून सांगितले.

आता आजच्या तळेगावात येऊ. समजा, वसईची कॅथलिक मुलगी आणि परभणीचा हिंदू मुलगा. मुलगी फादरना भेटते. फादर काय सांगतील?

पहिली गोष्ट ही की चर्चच्या कायद्यानुसार बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकाचे बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न हा अडथळा मानला जातो. १९८३ च्या कॅनन लॉच्या १०८६ व्या कलमात तो आहे. अडथळा दूर करण्याची सूट बिशप देऊ शकतात आणि बऱ्याचदा देतात. अर्ज फादर पाठवतात. दोघांनाही वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले जातात. मनाविरुद्ध तर लग्न करत नाही ना, आधी लग्न झालेले नाही ना, लग्न आयुष्यभराचे आहे हे मान्य आहे ना, मुले हवीत ना. मुलीच्या गावच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणावा लागतो, कारण जुन्या दाखल्यावर नंतरच्या नोंदी नसतात. विवाहपूर्व शिबिराला जावे लागते, आणि हिंदू जोडीदारानेही यावे असे बहुतेक ठिकाणी सांगतात.

मग वचन. कॅथलिक जोडीदाराने दोन गोष्टी कबूल करायच्या असतात: आपली श्रद्धा सोडण्याचा धोका टाळीन, आणि सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे म्हणून माझ्याकडून होईल तेवढे करीन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची पूर्ण कल्पना दिली जाते. त्याच्याकडून वचन घेतले जात नाही. पूर्वी असे नव्हते. १९१७ च्या जुन्या कायद्यात दुसऱ्या बाजूकडूनही हमी मागितली जाई. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिश्र विवाहांवर काढलेल्या पत्रकाने ती अट गेली. "होईल तेवढे" या शब्दांवर घरोघरी वाद होतात. चर्च इथे घर मोडून मुलांना देवळात न्या असे म्हणत नाही. पण बायकोने वचन दिले आणि नवऱ्याने त्या दिवशी मान डोलावली, एवढ्यावर विसंबून राहिलेल्या जोडप्यांची पहिल्या मुलाच्या बारशाला पंचाईत होते. फादरच्या खोलीत हो म्हणणारा मुलगा परभणीला आईसमोरही हो म्हणेल का, हे आधीच विचारून घ्यावे.

लग्नाचा विधी मिस्साविना, म्हणजे पवित्र भोजनाच्या उपासनेविना होतो. अशा विवाहासाठी चर्चच्या विधिग्रंथात वेगळा क्रम आहे. तो बाप्तिस्मा झालेल्या दोघांच्या विवाहासारखा संस्कार मानला जात नाही, पण खरा, वैध विवाह मानला जातो. पुढे कधी दुसऱ्यानेही बाप्तिस्मा घेतला, तर नवे लग्न न लावता तोच विवाह संस्कार होतो. टिळक दांपत्याच्या घरी घडले तसे.

सगळ्यात जास्त भांडण होते ते दोन्ही पद्धतींनी लग्न लावण्यावरून. सकाळी चर्च, दुपारी सप्तपदी, सगळे खूश. चर्चचा नियम याला परवानगी देत नाही. एकदा संमती दिली की ती दुसऱ्या धर्मविधीत पुन्हा द्यायची नाही. हळद, मेंदी, व्याही-विहिणीचा मान, जेवणाच्या पंगती, याला कोणाची हरकत नाही. वसईच्या कॅथलिक लग्नातच इतके मराठमोळे विधी असतात की परभणीच्या पाहुण्यांना परके वाटू नये. अडचण फक्त त्या एका विधीची, जिथे दोघे पतिपत्नी ठरतात.

मुलाकडचे देवळात येणारच नाहीत अशी परिस्थिती असेल तर बिशप ठरलेल्या विधीतूनही सूट देऊ शकतात, आणि नोंदणी कार्यालयातले लग्न चर्च मान्य करते. पण हे आधी मागायचे असते. न विचारता नोंदणी केली तर कायद्याने ते लग्न पक्के, चर्चच्या लेखी मात्र वैध नाही, आणि त्या मुलीला कम्युनियन घेता येत नाही. असे झालेले असेल तरी दारे बंद नाहीत. लग्न नंतर वैध करून घेण्याची तरतूद आहे, आणि क्वचित प्रसंगी पुन्हा संमती न घेताही ते मुळापासून मान्य करता येते. म्हणून वर्षानुवर्षे देवळाच्या मागच्या बाकावर अपराध्यासारखे बसणाऱ्यांनी एकदा फादरना भेटावे.

प्रोटेस्टंटांकडे असा एकच लिखित नियम सगळ्यांना लागू नाही. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या असोत की इतर, पाळक आणि त्यांचे बिशप किंवा पंच काय म्हणतात यावर बरेच अवलंबून असते. काही पाळक आधी बाप्तिस्मा घ्या म्हणतात. पेंटेकोस्टल मंडळ्या बहुधा साफ नकार देतात. सिरीयन ऑर्थोडॉक्स परंपरेत बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी देवळात लग्न लावत नाहीत. म्हणून पिंपरी-चिंचवडच्या एकाच सोसायटीत राहणाऱ्या तीन ख्रिस्ती कुटुंबांना तीन वेगळी उत्तरे मिळतात.

लग्नासाठी बाप्तिस्मा हा मार्ग सोपा वाटतो, आणि मला तो सगळ्यात वाईट वाटतो. कॅथलिक नियमांतही प्रौढ माणसाने स्वतःच्या इच्छेने, शिक्षण घेऊन, मन वळल्यावर बाप्तिस्मा घ्यावा अशी अपेक्षा आहे. हॉल बुक झाला आहे म्हणून महिनाभरात पाणी ओतून घेणे यात ते कुठे बसते? उलट बाजूनेही तेच. आळंदीचे लग्न कायद्यात बसावे म्हणून ख्रिस्ती मुलाने एका दुपारी शुद्धीकरणाचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि नाताळला पुन्हा देवळात यायचे, यात दोन्ही धर्मांचा अपमान आहे. शिवाय कोर्टात असा कागद तपासला जातो तो वेगळाच.

कायद्याच्या वाटा दोन. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, ज्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी पुरते, आणि देवळातले लग्न या कायद्याखाली नोंदले जाते. आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा, ज्यात कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. दुसऱ्यात दोघांपैकी एक जण, जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असला पाहिजे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती तीस दिवस फलकावर लागते, आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. फलकावर नाव लागणे याचीच पळून आलेल्या जोडप्यांना धास्ती असते आणि त्यातून आळंदीची वाट आकर्षक वाटते. हरकत फक्त कायद्यातल्या अटींवरच घेता येते. आईवडिलांना पसंत नाही, ही हरकत होत नाही.

मुलांविषयी एक गोष्ट महाराष्ट्रात खास महत्त्वाची. नगर, जालना, सोलापूरकडच्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार किंवा मांग समाजातून आलेले आहेत. एका भावकीतले काही ख्रिस्ती, काही १९५६ नंतर बौद्ध, काही हिंदू. त्यामुळे "वेगळ्या धर्मातले" लग्न पुष्कळदा जवळच्याच नात्यागोत्यातले असते आणि घरात फारशी खळबळही होत नाही. पण अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहेत, ख्रिस्त्यांना नाहीत. बौद्ध मुलीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केले म्हणून तेवढ्याने तिची जात जात नाही. प्रश्न येतो मुलांचा. पुद्दुचेरीत हिंदू वडील आणि ख्रिस्ती आई यांच्या मुलीने अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. तिचा लहानपणी बाप्तिस्मा झाला होता आणि ती चर्चमध्ये जात होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली एक ओळ वीस-पंचवीस वर्षांनी नोकरीच्या अर्जात येऊन उभी राहते. आईवडिलांनी बाप्तिस्मा श्रद्धेने करावा, त्यात मी बोलणारा कोण, पण त्याचा हा परिणाम त्यांना माहीत असला पाहिजे. पाळकांनीही तो सांगायला हवा.

आणि शेवटी, ज्याचा विषय लग्नाच्या वेळी काढणे अशुभ समजतात ते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्या हिंदू-ख्रिस्ती जोडप्याच्या मालमत्तेचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर मागे राहिलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबात असेल तर अशा लग्नाने तो त्यातून कायद्याने वेगळा झाला असे मानले जाते. परभणीची शेती सामाईक असेल तर हे आधीच काकांना माहीत असलेले बरे. देवळात ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल तर त्या कायद्यात अशी तरतूदच नाही, प्रत्येकाचा वारसा त्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्याकडे जातो आणि गुंता वाढतो. दोघांनीही लग्नानंतर लवकरच मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. अंत्यविधी कुठे आणि कसा व्हावा हेही त्यातच लिहावे, आणि ते दोन्ही घरच्यांना जिवंतपणीच सांगून ठेवावे, कारण मृत्युपत्र उघडले जाते तेव्हा अंत्यविधी बहुधा होऊन गेलेला असतो.